न दिसलें म्हणून नाहीं काय ?

संध्याकाळीं अंगांत बारीक ताप, श्वास घेतांना बरगडींत कळ आणि मंदावलेली भूक अशीं लक्षणें होतात. एक्स-रे पाहून डॉक्टर सांगतात कीं, छातींत पाणी झालें आहे. हें पाणी फुप्फुसांत नसतें. फुप्फुस व छातीची भिंत यांमधील दुपदरी आवरणांत तें सांचतें. आपल्या देशांत, विशेषतः तरुण माणसांत, त्याचें कारण पुष्कळदां क्षय हेंच असतें. मग सुईनें थोडें पाणी काढून जंतूंच्या डीएनएचा माग काढणाऱ्या यंत्राकडे पाठवितात. दोन तासांत उत्तर येतें : ‘क्षयजंतु आढळले नाहींत.’ घरांत देवापुढें साखर ठेवली जाते आणि प्रकरण मिटतें. उपवर मुलीचा प्रश्न असला म्हणजे तर हें ‘नाहीं’ अधिकच गोड लागतें.

न्यायशास्त्राच्या अभ्यासकास आरंभींच एक विवेक शिकवितात. समोरच्या जमिनीवर घट दिसत नाहीं, म्हणून तेथें घट नाहीं, हें म्हणणें केव्हां खरें ? घट असता तर दिसलाच असता, अशी स्थिति असेल तेव्हांच. यास योग्यानुपलब्धि म्हणतात. आमच्या वेरूळच्या लेण्यांत भर उन्हांतून शिरणाऱ्यास आंतील मूर्ति प्रथम दिसत नाहींत. म्हणून त्या तेथें नाहींतच, असें कोणी शहाणा म्हणत नाहीं.

छातींतल्या पाण्याची स्थिति अशीच अंधाऱ्या लेण्यासारखी आहे. तें पाणी सांचतें तें मुख्यतः शरीर जंतूंशीं झुंजतें म्हणून. स्वतः जंतु थोडे असतात आणि तेहि बहुधा आवरणाच्या पदरांत दडलेले. सुईंतून आलेल्या पाण्यांत ते सांपडतीलच असा नेम नाहीं.

२०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेंत निरनिराळ्या देशांतील प्रयोग एकत्र करून पाहिले आहेत. जंतु वाढवून पाहण्याच्या परीक्षेंत, म्हणजे कल्चरमध्यें, ज्यांचा क्षय सिद्ध झाला अशा १०० रोग्यांपैकीं सुमारें ५० जणच छातींतल्या पाण्यावरून जीन-एक्स्पर्ट यंत्रास ओळखतां आले. उलट कल्चरमध्यें क्षय न निघालेल्या १०० पैकीं ९९ जणांविषयीं यंत्रानें ‘नाहीं’ असेंच सांगितलें. ‘अल्ट्रा’ ही सुधारलेली आवृत्ति १०० पैकीं ७५ रोगी ओळखते. पण कल्चरमध्यें क्षय न निघालेल्या १०० पैकीं सुमारें १३ जणांसहि ती ‘आहे’ म्हणते. त्यांतील कांहीं कल्चरलाच चुकलेले खरे रोगी असूं शकतात.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतून २०११ सालीं ५४७ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. फुप्फुसाबाहेरील निरनिराळ्या अवयवांच्या क्षयाचा संशय असलेले हे रोगी होते. सूक्ष्मदर्शकांत ज्या नमुन्यांत जंतु दिसत होते, त्यांत यंत्रानें शेंकडा ९६ वेळां क्षय ओळखला. जेथें दिसत नव्हते तेथें शेंकडा ६४ वेळां. जंतु जितके विरळ, तितकी यंत्राची दृष्टि मंद, हाच त्याचा अर्थ.

यावरून यंत्र निरुपयोगी, असें मात्र कोणी समजूं नये. कल्चरला कित्येक आठवडे लागतात. यंत्र त्याच दिवशीं बोलतें आणि रिफाम्पिसिन हें मुख्य औषध लागू पडेल कीं नाहीं तेंहि सांगतें. त्याच जातीचें ट्रूनॅट यंत्र आपल्या गोव्यांत तयार होतें. २०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास मान्यता दिली. यंत्राच्या ‘आहे’ या शब्दास मोठें वजन आहे. ‘नाहीं’ या शब्दास तेवढें नाहीं.

खरा धोका पुढेंच आहे. औषधावांचूनहि हें पाणी पुष्कळदां दोन-चार महिन्यांत आपोआप आटतें. म्हणजे यंत्राचें ‘नाहीं’ खरें ठरल्यासारखें वाटतें. परंतु १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या एका पाहणींत औषध न मिळालेल्या अशा १४१ जणांपैकीं शेंकडा ६५ जणांस पुढें उघड क्षय झाला. आटलेलें पाणी म्हणजे बरा झालेला रोग नव्हे.

म्हणून घरच्या जाणत्या माणसानें डॉक्टरांस विचारावें : पाण्यांत लिम्फोसाइट पेशी अधिक आहेत काय ? एडीए हा आंकडा ४० च्या वर आहे काय ? थुंकी तपासली काय ? पाणी कल्चरला पाठविलें काय ? संशय उरल्यास आवरणाचा सूक्ष्म तुकडा काढून पाहावा काय ? या सर्वांचा मेळ घालून निर्णय डॉक्टरांनींच करावयाचा. यंत्राचें उत्तर ‘नाहीं’ असूनहि त्यांनीं औषध सुरू केलें, तर त्यांस वेड्यांत काढूं नये. साधारणतः सहा महिन्यांचें हें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठीं दरमहा १,००० रुपयांची मदतहि आहे. रोग केवळ आवरणांत असेल तर तो सहसा दुसऱ्यास लागत नाहीं. मात्र फुप्फुसांतहि आहे कीं काय, हें थुंकी व एक्स-रे यांवरून पाहून घ्यावें.

यंत्र इतकेंच म्हणतें कीं, ‘मला आढळले नाहींत.’ त्यापुढें ‘म्हणजे नाहींतच’ हे शब्द आपण घरीं येऊन जोडतों. लेंकी-सुनांच्या जिवाचा प्रश्न असतां एवढी घाई कोणीं करूं नये.