डोक्यावरची पाटी, दारावरची पाटी

आपल्या समाजाच्या सहली आता युरोपला जातात. स्वयंपाकी बरोबर, कांदा-लसूण नाही, दिवस मावळायच्या आत जेवण. आणि इटलीला गेलं की लिंबाची बाग बघायचीच. परत आलेल्या बायका सांगतात, "किती छान हो! पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराने राखलीय. सगळं कुटुंब राबतं." मी त्या बागा पाहून आलेय. बागा सुंदरच आहेत. माझं भांडण आहे ते 'सगळं कुटुंब' या दोन शब्दांशी.

नेपल्सच्या दक्षिणेला अमाल्फीचा किनारा आहे. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो, सपाट जमीन जवळजवळ नाहीच. माणसांनी दगडावर दगड नुसते रचून ताली घातल्या, त्यांच्यामागे माती भरली, वर चेस्टनटच्या लाकडाचे मांडव घातले आणि त्यांखाली लिंबं लावली. लिंबू आपल्या कागदी लिंबासारखं नव्हे. लांबट, टोकदार, जाड सालीचं, नुसतं नखाने खरवडलं तरी वास दरवळतो. हा किनारा १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. लिंबालाही युरोपात भौगोलिक मानांकन आहे.

बाग दाखवणारा माणूस पणजोबांपासून सुरुवात करतो. पणजोबा, आजोबा, वडील, मी. मांडवाच्या लाकडांवर तोल सांभाळत फिरणाऱ्या पुरुषांना तिकडे 'उडते शेतकरी' म्हणतात, हेही तो अभिमानाने सांगतो. पण उतरवलेलं लिंबू खाली समुद्रापर्यंत कोण नेत होतं? गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ते बायकांनी नेलं. ५० किलोंच्या वर भरलेल्या पाट्या डोक्या-खांद्यावर घेऊन, शेकडो पायऱ्या उतरून, दिवसातून अनेक खेपा. गावाने त्यांनाही नाव दिलं होतं : 'फॉर्मिकेल्ले'. म्हणजे छोट्या मुंग्या.

बघा म्हणजे झालं. पुरुष उडतो, बाई मुंगी होते.

मुंगी म्हटल्यावर जैन बाईने तरी थांबायला हवं. मुंगी त्रींद्रिय जीव, हे आपण पाठशाळेत शिकलो. ती पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालतो, साखर सांडली तर आधी हळूच झटकतो. बागेतही आपण फार जपतो. लिंबू झाडावरचं फळ, कंदमूळ नव्हे, म्हणून सरबत निश्चिंतपणे पितो. लिंबाची दारू पुढे केली की हात जोडतो. ग्लासात काय आहे ते आपण बरोबर तपासतो. पण ते लिंबू कुणाच्या मानेवरून खाली आलं, हे विचारणं आपल्या अहिंसेत बसत नाही का?

बसतं. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यांतला एक अतिभारारोपण. झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. प्रवचनात याला उदाहरण नेहमी बैलाचं येतं. सुनेचं आलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

इटली लांब राहिली. आपल्या बेळगावच्या पेठेत फिरा. दुकानांवर पाट्या आहेत, 'अमुक अँड सन्स'. आत जाऊन बघा. उधारीची वही सून लिहिते, माल ती मोजून घेते, दुपारी कामगारांचा चहा तिच्याच घरातून येतो. खेड्यात गेलात तर भांगलण तिची, जनावरं तिची, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. शिवाय घरात साधूंचा आहार, सासऱ्यांचं पथ्य, मुलांची शाळा. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ती घरीच असते." वारसाहक्काचा कायदा आपल्यालाही लागू आहे आणि २००५ पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तरी हक्कसोडीवर बहिणीची सही घेताना घरोघर पेढे वाटतात.

यावर म्हणतात, आपल्याच घरात कसला पगार? मग घरातल्याच मुलाला भागीदारीत घेता, त्याचा हिस्सा टक्क्यांत लिहिता, तेव्हा घर कुठे जातं? दुसरं म्हणतात, प्रेमाने केलेल्या कामाचा हिशेब करू नये. आपण व्यापारी माणसं. देवळाच्या बोलीचा हिशेब पैसा-पैसा ठेवतो. हिशेबाने भक्ती आटत नसेल तर प्रेमही आटणार नाही. आणि न दिलेलं घेऊ नये हे अचौर्यव्रत शेजाऱ्याच्या तिजोरीपुरतंच आहे, असं कुठे लिहिलंय?

बागा बघायला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जरूर जा, पायऱ्या स्वतः चढून बघा, रिकाम्या हातांनी चढतानाही गुडघे बोलतात. फक्त पणजोबांची गोष्ट संपली की विचारा, "आणि पणजी काय करत होती?" अशा बाईचं नाव त्यांना माहीत असेल तर ऐकून घ्या.

मग घरी या आणि भागीदारीचा कागद कपाटातून काढायला सांगा. त्यात सुनेचं नाव नसेल तर पुढच्या दिवाळीच्या वहीपूजनाआधी ते घालून घ्या. सासू झालेल्या बायांनो, हे आपल्याच हातात आहे. पाटी आपणही वाहिली, म्हणून तीच पुढच्या डोक्यावर ठेवायची ही काही परंपरा नव्हे.