अमेरिकन शेतकरी आणि अर्धवट कायदा

अमेरिकेंतील सुधारणांचा इतिहास सांगतांना शहरांतील कारखाने व मजूर यांचेंच वर्णन बहुधा होतें. परंतु आगगाडीच्या कंपन्यांवर सरकारचा अंकुश असावा, ही मागणी करणारांत इलिनॉय, आयोवा, मिनेसोटा इत्यादि संस्थानांतील शेतकरी अग्रभागीं होते, हें आमच्या वाचकांनीं अवश्य जाणावें.

त्यांची अडचण अशी कीं, गांवाजवळून बहुधा एकच लोहमार्ग जाई व धान्याचें कोठारही एकाच धन्याचें असे. भाडें तो सांगेल तें, धान्याची प्रत तो ठरवील ती! दोन कंपन्यांची चुरस असेल तेथें लांबचें भाडें कमी आणि मधल्या एकाकी स्थानकाचें जास्त, असाही प्रकार चाले.

१८६७ सालीं ऑलिव्हर केली व त्याचे सोबती यांनीं ‘ग्रेंज’ ही संस्था स्थापिली. हा केली पूर्वीं सरकारी शेतकी खात्यांत कारकून होता. (कारकून केवळ कागद काळे करितात असें म्हणणारांनीं हें नांव टिपून ठेवावें.) १८७५ च्या सुमारास सभासद साडेआठ लाखांवर गेले. त्यांत स्त्रियाही होत्या.

१८७१ सालीं इलिनॉयनें कोठारांच्या भाड्यास कमाल मर्यादा घातली. शिकागोच्या कोठारवाल्यांनीं दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला व १८७७ सालीं ते हरले. परंतु १८८६ सालीं त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, संस्थानाबाहेर जाणाऱ्या मालाचें भाडें संस्थानानें ठरवूं नये. म्हणून १८८७ सालीं मध्यवर्ती कायदा होऊन एक मंडळ नेमण्यांत आलें.

येथें पुष्कळ लेखक विजयाचा डंका वाजवितात. मला तें मान्य नाहीं. माझी हयात महसुली दप्तरांत गेली; हुकूम वाचतांच त्याची अंमलबजावणी कोणी करावयाची, हेंच मी आधीं पाहतों. भाडें वाजवी असावें, असें कायदा म्हणे. पण पुढील भाडें ठरविण्याचा अधिकार मंडळास नाहीं, असें न्यायालयानें १८९७ सालीं सांगितलें. तो अधिकार मिळाला १९०६ सालीं. मधल्या एकोणीस वर्षांत ज्याचें शेत गहाणांत बुडालें, त्यास या कायद्याचा काय उपयोग?

याच अवधींत, १८९२ सालीं, शेतकऱ्यांच्या नव्या लोकपक्षाच्या उमेदवारास अध्यक्षपदाच्या निवडणुकींत दहा लाखांवर मतें पडलीं. पुढें १८९६ सालीं तो पक्ष रुप्याच्या नाण्याच्या एकाच प्रश्नामागें लागला व विरून गेला. त्यानें मागितलेला चढता प्राप्तिकर आणि सेनेटरांची थेट निवड १९१३ सालीं घटनेंत आली. लोहमार्ग सरकारी मालकीचे करावेत, ही मागणी मात्र राहिली. तेथील बहुतेक मालगाड्या आजही खाजगी कंपन्यांच्याच आहेत.