ईईजी नॉर्मल आला, म्हणजे काहीच नाही?

‘ईईजी नॉर्मल आलाय, फीटबीट काही नाही. मनाचे खेळ सगळे!’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. हे बोलणं धोक्याचं आहे असं मला वाटतं.

फीट म्हटलं की जमिनीवर पडून हातपाय झाडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण मोठ्या वयात सुरू होणारा अपस्मार बहुतेक वेळा मेंदूच्या एकाच भागातून उठतो. त्याला फोकल एपिलेप्सी म्हणतात. बोलता बोलता माणूस थांबतो, एकटक बघतो, काही चघळल्यासारखं तोंड हलवतो, शर्टाचं बटण चाळवत राहतो. मिनिट-दोन मिनिटांत सगळं संपतं आणि त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. आपण म्हणतो, तंद्री लागली असेल!

हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युत लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. आजही डोक्यावर वीसेक इलेक्ट्रोड चिकटवून साधारण अर्धा तास त्या लहरी टिपतात. पण त्या अर्ध्या तासात फीट येईलच असं थोडंच आहे? दोन फिटांच्या मधल्या काळात आलेख अगदी नॉर्मल दिसू शकतो. अपस्मार असलेल्या जवळजवळ निम्म्या मोठ्या माणसांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. म्हणून डॉक्टर जागरण करायला सांगून झोपेत पुन्हा तपासणी करतात. गरज पडली तर काही दिवस दाखल करून कॅमेऱ्यासह व्हिडिओ ईईजी करतात. उलट, काही निरोगी माणसांच्या आलेखातही टोकदार लहरी सापडतात. म्हणजे नुसत्या कागदावर निदान होत नाही.

निदानाचा पाया आहे घडलेली हकिकत. रुग्णाला ती आठवत नाही, म्हणून ती सांगायची आपण, म्हणजे रूममेटने, भावाने, आईने. सुरुवात कशी झाली? डोळे उघडे होते का? मान कुठल्या बाजूला वळली? कुठला हात ताठ झाला? किती मिनिटं चाललं? भानावर यायला किती वेळ लागला? आणि आपण सांगतो काय, तर ‘चक्कर आली होती’!

असं का? कारण लग्न जमणार नाही ही भीती. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा, दोन्हींतून अपस्माराची आडकाठी १९९९ सालीच काढून टाकली गेली. घरातली लपवाछपवी मात्र चालूच आहे, आणि तिची किंमत रुग्ण मोजतो. निदान लांबतं. तो गाडी चालवत राहतो, विहिरीवर पोहायला जातो.

मित्रांनो, आपल्या मंडळात आपण कथेतल्या एकेका तपशिलावर तासभर वाद घालतो. तेवढंच लक्ष शेजारच्या बाकावरच्या मित्राकडे देऊया. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. घड्याळ बघा, त्याच्याजवळ थांबा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन करा. मग जे दिसलं ते त्याच दिवशी लिहून काढा आणि तो कागद घेऊन त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा.