बैलाचा श्वास कोण मोजणार?



१९७९ साली विनोबांनी गोहत्याबंदीसाठी आपल्या पवनारला उपोषण केले. २०१५ पासून राज्यात बैल कापायलाही बंदी आहे. बैल मारू नका म्हणणारे पुष्कळ झाले. तो धापा का टाकतो, हे तपासायची सोय करणारे किती?

कुटारातून तारेचा तुकडा जातो. गाईबैल निवडून खात नाहीत, आधी गिळतात आणि मग निवांत रवंथ करतात. तार दुसऱ्या पोटात, मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीच्या कप्प्यात अडकते. त्याला लागून पुढे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला मांसल पडदा. हा पडदा मागे ओढला गेला की छातीत हवा शिरते. तार तिथे टोचली की जनावर खोल श्वास घ्यायचे टाळते. श्वास उथळ होतो, पाठ कमानीसारखी होते, कोपरे बाहेर येतात, उतारावर ते पाय टाकत नाही. आपण अपचन समजून काढा पाजत बसतो. पडद्यापलीकडे हृदय आहे. गळ्याखाली सूज उतरली की बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून मोजा. पहाटे, जनावर विसावलेले असताना, कुशीची हालचाल मिनिटभर मोजायची. मोठ्या जनावराचे साधारण १० ते ३० श्वास होतात. आपल्या उन्हात दुपारचा आकडा चढणारच, तो धरू नका. निरोगी असतानाचा आकडा गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. शिवाय वशिंडामागची पाठ चिमटीत धरून दाबा. निरोगी जनावर पाठ खाली घेते, दुखणारे ताठ राहते, कण्हते. यंत्र लागत नाही.

पुढचे काम मात्र सरकारचे. तालुक्याच्या प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यात धातुशोधक आणि गिळवायची चुंबके हवीत. बोटाएवढे चुंबक त्याच कप्प्यात राहते आणि लोखंड धरून ठेवते. तांबे, ॲल्युमिनियम धरत नाही, आणि पार रुतलेली तारही त्याने निघेलच असे नाही. म्हणून ते आधीच द्यायचे. गोरक्षणाच्या भाषणांपेक्षा हे स्वस्त पडेल!

डवरणीत एक बैल बसला की जोडी बसली. बसलेल्या बैलाला कायद्याने गिऱ्हाईक उरले नाही, आणि कापूस-ज्वारीच्या भावात दुसरा येत नाही. ही मागणी जिल्हा बैठकीत ठरावात घ्या. येताना आपापल्या बैलांचे आकडे घेऊन या.