मी वांडा नाही, मॅडम

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. ‘मला आवडलेले पुस्तक’ हा निबंध दरवर्षी लिहून घेते, आणि दरवर्षी एकच निबंध चाळीस वेळा तपासते. मुलं गाईडमधून उतरवतात. पुस्तक वाचलेलंच नसतं, तर आवडणार काय? म्हणून या वर्षी नववीच्या वर्गाला मीच एक पुस्तक वाचून दाखवलं. शनिवारचा शेवटचा तास, असे चार शनिवार. पुस्तक इंग्रजी, सांगणं आमच्या घरच्या दखनीत, आणि निबंध मराठीत लिहायचा, असा करार होता.

पुस्तकाचं नाव ‘द हंड्रेड ड्रेसेस’. एलिनॉर एस्टिस या अमेरिकन लेखिकेची ही छोटी कादंबरी १९४४ साली आली. सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात तिचा भाग होता, त्यामुळे काहींना ती माहीत असेल. गोष्ट साधी आहे. वांडा पेट्रोन्स्की ही पोलंडहून आलेल्या गरीब घरातली मुलगी. आई नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर बाप आणि भावाबरोबर राहते. रोज तोच विटका निळा फ्रॉक घालून येते. एकदा ती बोलून जाते की, माझ्या घरी कपाटात शंभर फ्रॉक आहेत. झालं. तेव्हापासून पेगी नावाची वर्गातली लाडकी मुलगी रोज शाळेबाहेर तिला अडवून, अगदी गोड आवाजात, फ्रॉक किती आहेत म्हणून विचारते. बाकीच्या हसतात. पेगीची मैत्रीण मॅडी शेजारी गप्प उभी असते. मॅडीही गरीबच. पेगीचे जुने फ्रॉक तिच्या अंगावर. हे थांबव, अशी चिठ्ठी ती पेगीला लिहायला घेते आणि फाडून टाकते. उद्या आपलीच पाळी आली तर?

मग वर्गात चित्रांची स्पर्धा होते. वांडाची शंभर फ्रॉकची शंभर चित्रं पहिली येतात. पण बक्षीस घ्यायला ती नसते. बापाचं पत्र येतं की, आम्ही मोठ्या शहरात जातोय, तिथे आमच्या नावाला कुणी हसणार नाही, तिथे अशी नावं भरपूर असतात. पेगी आणि मॅडी टेकडीवर जातात. घर रिकामं. दोघी पत्र लिहितात. नाताळच्या सुमारास वांडाचं उत्तर बाईंच्या नावाने येतं. ती चित्रं मुलींना देऊन टाकते, त्यातलं एक पेगीला आणि एक मॅडीला. चित्रं नीट पाहिल्यावर त्यांना कळतं की, त्या फ्रॉकमधल्या मुलींचे चेहरे त्या दोघींचेच आहेत.

हे पुस्तक मी निवडलं त्यामागे माझा हिशेब होता. नावावरून चिडवणं म्हणजे काय, हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. वाचून झाल्यावर वर्ग बोलायला लागला. भारत-पाकिस्तान मॅचच्या दुसऱ्या दिवशी ट्यूशनमध्ये कोण काय म्हणालं, आंतरशालेय स्पर्धेत नाव ऐकल्यावर कुणाची नजर कशी बदलली, बसमध्ये अम्मीच्या बुरख्याकडे बघून कोण कुजबुजलं. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, अपन सब वांडाच हैं.” सगळ्या वर्गाने मान डोलावली. मीही. हा धडा मी असाच व्हावा म्हणून ठरवला होता आणि तो ठरल्याप्रमाणे झाला.

सोमवारी वह्या तपासायला घेतल्या. एका मुलीच्या वहीत निबंधाच्या जागी पाऊण पान होतं. मराठी तुटकं होतं, मध्येच उर्दू लिपीत दोन ओळी. सुरुवात अशी होती : “मॅडम, सगळे बोलले आपण वांडा आहोत. मी वांडा नाही. मी मॅडी आहे.”

पुढे तिने एका मुलीबद्दल लिहिलं होतं. तिचं नाव मी इथे देत नाही. तीही याच वर्गातली. आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. ती दरवेशी समाजाची. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या यादीत हे नाव आहे. या समाजातली कितीतरी माणसं पूर्वी अस्वलाचा खेळ करत गावोगाव फिरत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो खेळ हळूहळू बंद होत गेला. या मुलीच्या बापाने आयुष्यात अस्वल पाळलं नाही. तो हातगाडीवर प्लास्टिकच्या बादल्या विकतो. अस्वल होतं ते आजोबांकडे. पण कुण्या एका मुलीला ते घरी कळलं आणि दुसऱ्या दिवशीपासून मधल्या सुट्टीत प्रश्न सुरू झाला, “तेरा भालू किधर बांध्या?” रोज. अगदी गोड आवाजात.

माझी विद्यार्थिनी लिहिते, “मी विचारत नव्हते. मी हसत होते. हसली नाही तर माझे अब्बा काय काम करतात ते निघालं असतं.”

वही मिटून मी बराच वेळ स्टाफरूममध्ये बसून राहिले. मला हे माहीत नव्हतं, असं म्हणणं सोपं आहे. कादंबरीतल्या बाईंनाही माहीत नसतं. पण आठवायला बसले तेव्हा आठवलं. हजेरी घेताना मी आडनावासकट पूर्ण नाव वाचायची आणि त्या एका नावापाशी वर्गात बारीक खसखस पिकायची. मी “खामोश” म्हणून पुढचं नाव घ्यायची. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की कुणाची जात कोणती, ते वर्गात मोठ्याने विचारून यादी करायची. काम पटकन होतं ना! भालूचा प्रश्न मी विचारला नसेल, पण त्याचं उत्तर रोज सकाळी पहिल्या तासाला मीच वर्गाला देत होते.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘आमच्यात जात नाही’ हे वाक्य मी घरात, मोहल्ल्यात, वाज़च्या जलशात ऐकत मोठी झाले. एका सफेत सगळे उभे राहतात, हे खरं आहे. पण सफेतून बाहेर पडल्यावर रिश्ता जुळवताना पहिला प्रश्न कोणता असतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. तांबोळी, पिंजारी, शिकलगार, छप्परबंद, फकीर या नावांवरून आपल्या घरांत कोणते विनोद होतात, ते मुलं ऐकतात आणि मधल्या सुट्टीत वापरतात. मुलं काही नवं शोधून काढत नाहीत.

हे मी एका सहकाऱ्याजवळ बोलले तेव्हा ते म्हणाले, “ये बात बाहर मत लिखो, मॅडम. लोग पहले ही मौका ढूंढ रहे.” त्यांची भीती खोटी नाही. बाहेरून आपल्यावर इतकं बोललं जातं की, आतलं बोलायची सोयच उरत नाही. पण म्हणून त्या मुलीने अजून किती वर्षं गप्प बसायचं? बाहेर आपण वांडा असू. त्यामुळे आत पेगी होण्याची सूट मिळत नाही. उलट ज्याला हा मार माहीत आहे, त्याच्यावर जबाबदारी जास्त येते.

माझ्या विद्यार्थिनीचा दुसरा परिच्छेद मला जास्त महत्त्वाचा वाटला. मी वर्गात सांगितलं होतं की, शेवटी वांडा दोघींना माफ करते, त्यांचे चेहरे काढते. तिने ते मानलं नाही. लिहिलं : “चित्रं वांडाने आधीच काढली होती. आम्ही चिडवत होतो तेव्हाच. म्हणजे ती माफी नाही. तेव्हा तिला दोस्ती पाहिजे होती.”

वीस वर्षं शिकवते आहे. हे पुस्तक तीनदा वाचलं होतं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चित्रं स्पर्धेची होती, म्हणजे चिडवणं चालू असतानाचीच. ज्या मुली रोज हसत होत्या, त्यांनाच ती घरी बसून सुंदर फ्रॉक घालत होती. पेगी म्हणते की, तिला आपण आवडत असणार, आणि मोकळी होते. मॅडीला मात्र रडू येतं. या पंधरा वर्षांच्या मुलीला दोघींमधला फरक माझ्या आधी कळला. आणि मॅडीचं न मिटलेलं ओझं लेखिकेचंही होतं. एस्टिस यांच्या लहानपणी वर्गात अशीच एक मुलगी होती, ती निघून गेली आणि माफी मागायची राहिली, असं त्यांच्या मुलीने पुस्तकाच्या नंतरच्या एका आवृत्तीत सांगितलं आहे.

चुकणाऱ्याला दुसरी संधी मिळावी, असं आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणते. मुलांच्या बाबतीत तर म्हणायलाच हवं. पण ही दुसरी संधी कुणाच्या खर्चाने? कादंबरीत वांडाला नवी शाळा मिळाली. त्यासाठी बापाने घर सोडलं, गाव सोडलं. चिडवणाऱ्या मुली आपापल्या बाकावर बसून पश्चात्ताप करत राहिल्या. आमच्या वर्गातही तेच झालं. हसणाऱ्या सगळ्या नववीत गेल्या. जिच्यावर हसल्या, तिची शाळा सुटली. आणि आमच्याकडे मुलीची शाळा एकदा सुटली की, घरात पुढच्या गोष्टी किती लवकर सुरू होतात, ते वेगळं सांगायला नको.

सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत दुसऱ्याची टिंगल करायला आणि वाईट नावांनी हाक मारायला साफ मनाई आहे. तिथे बायकांचा वेगळा उल्लेख करून सांगितलं आहे. ही आयत आमच्या मुलांना पाठ असते. हुकूकुल इबादचा धडाही दीनियातच्या तासाला होतो. अल्लाहच्या हकात कसूर झाली तर तौबा आहे. माणसाच्या हकात कसूर झाली तर त्या माणसाकडेच जावं लागतं. पण आपण काय करतो? शब-ए-बरातच्या संध्याकाळी तीनशे लोकांना एकच मेसेज फॉरवर्ड करतो की, कळत-नकळत दिल दुखावलं असेल तर माफ करा. ज्याचं दिल खरोखर दुखावलं आहे, त्याचा नंबर बहुधा आपल्याकडे नसतो.

माझ्या मते दुसरी संधी म्हणजे चुकणाऱ्याला हलकं वाटणं नव्हे. ज्याचं नुकसान झालं, त्याचं भरून येणं ही पहिली गोष्ट. हलकं वाटलं तर नंतर. नाही वाटलं तरी चालेल.

मार्चमध्ये आम्ही दोघी त्या मुलीच्या घरी गेलो. मी आणि माझी विद्यार्थिनी. घर रिकामं नव्हतं. शाळेपासून पायी वीस मिनिटांवर होतं, आणि दीड वर्षात मी तिकडे एकदाही गेले नव्हते. मुलगी धाकट्या भावाला भरवत होती. माझी विद्यार्थिनी उभ्या उभ्या रडायला लागली. ती मुलगी बघत राहिली आणि भावाचं तोंड पुसत म्हणाली, “बैठ ना.” माफ केलं असं काही म्हणाली नाही. तिच्या आईने चहा ठेवला. म्हणाली, “सतरा नंबरसे भर देंगे दसवीं.” सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे घरी बसून बाहेरून परीक्षा. वाईट नाही तो. कित्येक मुलींना त्यानेच तारलं आहे. पण ज्या मुलीला शाळेत बसायचं होतं, तिने घरी का बसायचं?

मी विचारलं, “शाळेत यायला काय हवं?” तिने माझ्याकडे पाहिलं. “हाजरी में पूरा नाम मत लो.”

परत येताना माझी विद्यार्थिनी चिडली होती. “तिने का लपवायचं नाव? लाज आम्हाला वाटायला पाहिजे.” तिचं बरोबर आहे. दरवेशी या नावात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, आणि ज्या दिवशी ते नाव कुणीही न हसता ऐकेल, तो दिवस यायला हवा. पण तो दिवस आणण्याचं काम त्या मुलीच्या डोक्यावर का टाकायचं? आपल्याला जे द्यावंसं वाटतं ते देणं वेगळं आणि ज्याचं नुकसान केलं त्याने जे मागितलं ते देणं वेगळं. तिने माफीनामा मागितला नाही, भाषण मागितलं नाही. एवढंच मागितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्याच वर्गांत फक्त पहिल्या नावाने हजेरी घेते. एकाच नावाच्या दोघी असतील तर रोल नंबर. शिष्यवृत्तीचे फॉर्म आता एकेकाला बोलावून भरते. वेळ जास्त लागतो. आठवीत तिला परत बसवण्याबद्दल मुख्याध्यापकांशी बोलले आहे. शिक्षण हक्क कायदा शाळा सुटलेल्या मुलाला परत घ्यायला सांगतो आणि मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतो. प्रवेशाची अडचण येऊ नये. वर्गाची येईल. त्यासाठी माझी विद्यार्थिनी आणि मी जूनच्या आधी आणखी दोन-तीनदा त्यांच्या घरी जाणार आहोत. ती येईल की नाही, हे ती ठरवेल.

त्या निबंधाला गुण किती द्यायचे, यावर मी खूप विचार केला. शुद्धलेखनाच्या सतरा चुका होत्या. दहापैकी नऊ दिले. एक कापला, कारण तिने लिहिलं होतं की, चूक फक्त तिची होती.