सुवर्णवर्ष आणि जिन्यावरचे पालक

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाला २०२४ भलतंच पावलं. मार्चमध्ये नितीन नारंग अध्यक्ष झाले. सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये खुल्या आणि महिला, दोन्ही गटांत आपण सुवर्ण जिंकलं. डिसेंबरात सिंगापूरला गुकेश जगज्जेता झाला. ऑलिम्पियाडच्या खेळाडूंना महासंघाने प्रत्येकी २५ लाख जाहीर केले. त्यात आमच्या नागपूरची दिव्या देशमुखही होती. पुढच्या जुलैत तिने बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर झाली.

बक्षिसाबद्दल तक्रार नाही, द्याच. पण मी बुद्धिबळ खेळणाऱ्या पोरीचा बाप आहे, मला स्पर्धा दिसते ती जिन्यावरून. आत पोरं खेळतात, बाहेर आया डबे सांभाळत बसलेल्या. पंखा असला तर नशीब. प्रवेश फी आपली, प्रवास आपला, घड्याळसुद्धा आपलंच न्यायचं! मागच्या स्पर्धेत समोरच्या मुलाकडेही घड्याळ नव्हतं, तर पंचांनी तिसऱ्याच टेबलावरचं उसनं आणलं. क्रिकेटमध्ये स्टम्प घरून नेतात का हो?

रौनक साधवानी, संकल्प गुप्ता, दिव्या. एकाच शहरातून इतके ग्रँडमास्टर निघाले ते मुख्यतः घरच्यांच्या खिशावर आणि जिद्दीवर. महासंघाच्या पुढच्या अंदाजपत्रकात जिल्हा संघटनांसाठी घड्याळं, पंचांचं प्रशिक्षण आणि गरजू मुलांची फीमाफी यांचा वेगळा रकाना असावा. आणि खर्च किती झाला, तेही जिल्हावार छापावं.