मोटार-विचार : वळणांत पाय उचलूं नये

ऊस भरलेल्या बैलगाडीचें ओझें कोठें पडलें आहे, हें कऱ्हाटींतील जुना गाडीवान बैलांच्या मानेकडे पाहूनच सांगतो. मागें जास्त भरली कीं गाडी उलाळ होते आणि जूं वर उचलूं लागतें. पुढें जास्त भरली कीं सारा भार बैलांच्या खांद्यावर येतो. माळेगांव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या वाटेवर हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मोटार चालविणाऱ्या सुशिक्षित गृहस्थास मात्र आपल्या गाडीचें ओझें कोठें आहे, याचा विचार बहुधा कधींच करावा लागलेला नसतो. एंजिन पुढें, आपण मागें, आणि गाडी चालते, एवढ्यावर त्याचें समाधान असतें. घरांत मध्यएंजिनी स्पोर्टस् मोटार आली कीं हें समाधान पुरत नाहीं. म्हणून या महिन्यांत तिच्या वळणाविषयीं लिहावें, असें आम्हीं योजिलें आहे.

अशा मोटारी आतां केवळ परदेशच्या चित्रांत पाहावयाच्या राहिलेल्या नाहींत. दिलीप छाब्रिया यांची अवंती २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत प्रथम दिसली आणि पुढें दोन लिटरच्या टर्बो एंजिनासह विकली गेली. टाटा मोटर्सनें २०१७ च्या मार्चांत जिनीव्हा येथें रेसमो मांडली. तीन नळकांड्यांचें १.२ लिटरचें लहानसें एंजिन, पण टर्बोच्या जोरावर १९० अश्वशक्ति. ती विक्रीस आलीच नाहीं, याचें आम्हांस अजून वाईट वाटतें. पोर्शेनें २०१६ सालीं आपल्या ७१८ मालिकेंत सहा नळकांड्यांच्या एंजिनाच्या जागीं चार नळकांड्यांचें टर्बो एंजिन बसविलें आणि दोन लिटरांतून ३०० अश्वशक्ति काढली. मोटारींत जागा दोघांपुरतीच. एकत्र कुटुंबास तिचा उपयोग कोणता, हा प्रश्न घरोघरच्या आजीबाईंनीं विचारावा, आम्ही त्यांत पडत नाहीं.

आमची काळजी निराळी आहे. ज्या वडिलांनीं ॲम्बॅसडर किंवा फियाटवर हात बसविला, त्यांनींच चिरंजीवांना मारुतीवर शिकविलें. या सर्व गाड्यांचें एंजिन पुढें. वळणांत वेग जास्त झाला, छातींत धस्स झालें, कीं पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. भार पुढच्या चाकांवर येतो, तीं रस्ता घट्ट धरतात, आणि गाडी निमूटपणें आंत वळते. वीस-तीस वर्षें या संवयीनें प्राण वाचविलेले असतात. मध्यएंजिनी मोटारींत हीच संवय घात करते.

कारण असें. येथें एंजिन चालकाच्या पाठीमागें, पण मागच्या आंसाच्या पुढें असतें. निम्म्याहून अधिक वजन मागच्या चाकांवर, नाक हलकें. शिवाय सारें जड सामान मध्याजवळ गोळा झालेलें. गिरकी घेणारी मुलगी हात अंगाशीं घेते तेव्हां जशी झरकन् फिरते, तशी ही मोटार चटकन् वळते. आणि एकदां फिरूं लागली कीं तितक्याच चटकन् पुरती फिरून जाते. मोटारीचें वजन १,३५० किलो, पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच धरला, तर नुसता पाय एकदम उचलल्यानें सुमारें ५० किलो भार मागून पुढें सरकतो. जोराचा ब्रेक दाबला तर २०० किलोंहून अधिक. वळणांत मागचे टायर आधींच शक्तीच्या शेवटास टेकलेले असतील, तर हे ५० किलो पुरेसे होतात.

खरा सांपळा मात्र दुहेरी आहे. बारामतीहून मोरगांव, जेजुरी, सासवड करीत पुण्यास जाणारा मनुष्य दिवेघाट उतरतो. उतारामुळें भार आधींच पुढें झुकलेला असतो. वळणांत शिरतांना वेग थोडा अधिक; हलकें नाक प्रथम वळण्याचें नाकारतें व गाडी बाहेरच्या कडेकडे सरळ जाऊं पाहते. चालक घाबरून स्टिअरिंग आणखी वळवितो आणि त्याच क्षणीं पाय उचलतो. भार पुढें येतो, आतांपर्यंत घसरणारीं पुढचीं चाकें एकदम रस्ता धरतात, तींही गरजेपेक्षां जास्त वळविलेल्या स्थितींत. आणि मागचा भाग मोकळा होऊन दरीकडे फिरतो. आधीं गाडी वळत नव्हती, ती आतां नको तितकी वळली! या दोहोंमध्यें एका श्वासाचेंही अंतर नसतें. टोयोटाच्या १९८९ सालच्या मध्यएंजिनी एम्‌आर् टू विषयीं हीच तक्रार झाली, आणि कारखान्यास थोड्याच वर्षांत तिची मागची बांधणी व टायर बदलावे लागले.

त्यावर टर्बोची भर पडते. एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक लहान चाक फिरवून ताजी हवा कोंबून आंत घालावयाची, ही युक्ति स्विस एंजिनिअर अल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं पेटंट केली. पण चाकास वेग येण्यास क्षणभर लागतो. वळणाच्या मध्यावर वरच्या गियरांत पाय दाबला, कांहींच झालें नाहीं, म्हणून आणखी दाबला. आणि मग सारी मागितलेली शक्ति एकदम मागच्या चाकांवर आली, तर तीं जागच्या जागीं फिरूं लागतात.

म्हणून संवय बदलावयाची ती अशी. वेग जो कमी करावयाचा तो वळणापूर्वीं, स्टिअरिंग सरळ असतांना, ब्रेकनें करावा. गियरही तेथेंच खालीं घ्यावा, म्हणजे एंजिन जागें राहतें. मग वळतांना ॲक्सिलरेटरवर पाय हलकेंच टेकवून ठेवावा. गाडी धांवावी म्हणून नव्हे, तर मागच्या चाकांवरील भार हलूं नये व टर्बो झोपूं नये म्हणून. स्टिअरिंग जसजसें सरळ होईल तसतसा पाय दाबावा. पाय उचलणें भागच पडलें, तर तो हळूहळू उचलावा. शर्यतींतले वीर ब्रेक दाबीतच वळणांत शिरतात; ती विद्या घाटांत आणूं नये.

वेगाचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं ४० किलोमीटर वेगानें बाहेर ओढणारा जोर वजनाच्या चार-दशांश असतो. ५० ला दोन-तृतीयांश. ६० ला जवळजवळ संपूर्ण वजनाइतका. कोरडा रस्ता आणि उत्तम टायर असले तरी बहुतेक मोटारींची सीमा तेथेंच येते. गाळप हंगामांत बारामती-इंदापूर भागांत उसाचें पाचट आणि ट्रॅक्टरच्या चाकांची माती रस्त्यावर सांडलेली असते. त्या दिवसांत ही सीमा बरीच अलीकडे येते. नीरा डाव्या कालव्याच्या कांठच्या वाटेवर तर पुढच्या वळणाआड दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उभा आहे असेंच धरून चालावें.

मागचा भाग सुटलाच, तर नजर जेथें जावयाचें तेथें ठेवावी, मागचा भाग ज्या बाजूस जात असेल त्याच बाजूस स्टिअरिंग तत्काळ वळवावें, आणि गाडी सांवरतांच तें तितक्याच त्वरेनें सरळ करावें. ब्रेक दाबूं नये. गाडी पुरतीच फिरली तर मात्र ब्रेक व क्लच दोन्हीं शेवटपर्यंत दाबून धरावे. तोल सांभाळणारी विजेची यंत्रणा अशा गाड्यांत असते. ती बंद करण्याचें बटनही असतें. चिरंजीवांनीं तें रस्त्यावर शिवूं नये. हात बसवावयाचा असेल तर चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथें किंवा कोइंबतूर येथें शर्यतीचे बंदिस्त मार्ग आहेत. दोन दिवसांचा प्रवास व खर्च सोसावा.

एक लहान पण महत्त्वाची गोष्ट. या मोटारींचे पुढचे व मागचे टायर बहुधा निराळ्या रुंदीचे असतात आणि त्यांतील हवेचा दाबही निराळा सांगितलेला असतो. पेट्रोलपंपावरचा मुलगा चारींत सारखीच हवा भरतो. त्यास तो आंकडा आपण पुस्तिकेंतून वाचून सांगावा, आणि हवा टायर थंड असतांनाच भरावी.